बसल्यावर बीपी किती?

भोपाळच्या हबीबगंज स्थानकाला 2021 मध्ये राणी कमलापतींचं नाव मिळालं, तरी अनेकांच्या तोंडी जुनंच नाव आहे. तिथून जवळ, साकेतनगरात 2012 मध्ये एम्स सुरू झालं. मणक्याला इजा झालेल्या माणसाला व्हीलचेअरवरून इथवर यायचं तर लिफ्ट हवी, रॅम्प हवा, हे आता कुणाला पटवावं लागत नाही. पण त्या खुर्चीत ताठ बसवल्यावर त्याच्या मेंदूला रक्त पुरतं का, हे विचारायला वैद्यकानं फार उशीर केला. सुरुवात उलट टोकाकडून झाली. 1917 मध्ये हेड आणि रिडॉक यांनी मज्जारज्जू तुटलेल्या सैनिकांना मूत्राशय भरताच घाम फुटतो हे नोंदवलं. 1947 मध्ये गुटमान आणि व्हिटरिज यांनी त्याच वेळी रक्तदाब कसा भडकतो ते दाखवलं. इजा छातीच्या सहाव्या मणक्याच्या वर असेल तर रक्तवाहिन्यांवरचा मेंदूचा लगाम सुटतो. मग तुंबलेली लघवीची नळीसुद्धा जिवावर बेतू शकते. या भडक्याची धास्ती घेतली गेली, ते योग्यच झालं. पण लगाम सुटला की दाब पडतोही. मानेची इजा झालेल्या कित्येकांचा वरचा आकडा बसल्यावर नव्वदच्या आसपास किंवा त्याहून खाली असतो, आणि चक्कर येत नसेल तर तो ‘याचा नेहमीचाच’ म्हणून सोडून दिला जातो.

अशा माणसाला शब्द पटकन सुचत नाहीत, हिशेबात लक्ष लागत नाही. घरचे म्हणतात, धक्का बसलाय. यावर रास्त आक्षेप असा, की त्याच अपघातात डोक्यालाही मार लागलेला असू शकतो, शिवाय झोप मोडलेली, गुंगीच्या गोळ्या, नैराश्य. मग खापर बीपीवर का? खरं आहे, एकट्या बीपीवर फोडू नये. पण 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात मिडोड्रिन या औषधानं दाब वर आणल्यावर अशा रुग्णांना शब्द अधिक सुचले. गट लहान होता, आणि औषधानं आडवं झाल्यावर दाब चढण्याची भीती असतेच. म्हणून सरसकट गोळी द्या असं मी म्हणणार नाही. 2021 मध्ये मज्जारज्जूला विद्युत उद्दीपन देऊन दाब सावरण्याचा प्रयोग उंदीर, माकडं आणि एका माणसावर जमला. ती वाट लांबची आहे. बीपी मोजायचा पट्टा मात्र प्रत्येक दवाखान्यात आहे. एकदा झोपवून, मग बसवून तीन मिनिटांच्या आत मोजायचं. वरचा आकडा वीसनं किंवा खालचा दहानं घसरला, तर ‘मनाला लावून घेऊ नका’ असं सांगण्याआधी तो केसपेपरवर लिहायचा.