अकाली दुभंगणारा पाळणा

आम्हां गोवेकर डॉक्टरांना अंटार्क्टिका तशी अगदीच परकी नाही. भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम डॉ. एस. झेड. कासिम यांच्या नेतृत्वाखाली ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याहूनच निघाली, आणि ध्रुवीय व महासागर संशोधनाचे राष्ट्रीय केंद्रही आपल्या वास्कोतच आहे. तिकडच्या बर्फाविषयी काही वाचनात आले, की माझ्यातील बालरोगतज्ज्ञ जागा होतो. कारण त्या बर्फावर एक विलक्षण सूतिकागृह चालते.

सम्राट पेंग्विनची वीण भर हिवाळ्यात, किनाऱ्याला जखडलेल्या समुद्री बर्फावर होते. मे-जूनमध्ये मादी एकच अंडे घालते, ते नराच्या स्वाधीन करते आणि अन्नासाठी समुद्राकडे परतते. नर ते आपल्या पायांवर, पोटाच्या उबदार घडीखाली सुमारे ६५ दिवस उपाशीपोटी सांभाळतो. पिल्लू जन्मते ते राखाडी लव पांघरून. ही लव थंडी अडवते, पाणी नव्हे. जलरोधक पिसे येईतो डिसेंबर-जानेवारी उजाडतो. तोवर पायाखालचा बर्फ टिकायला हवा.

२०२२ साली बेलिंग्सहाउझेन समुद्रात तो टिकला नाही. ब्रिटिश संशोधक उपग्रहचित्रांतील विष्ठेच्या तपकिरी डागांवरून तेथील वसाहतींचा माग ठेवीत होते. पाचांपैकी चार वसाहतींत बहुधा एकही पिल्लू वाचले नाही, असा त्यांचा निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी फेब्रुवारीत अंटार्क्टिकाभोवतीचा समुद्री बर्फ अवघा १७.९ लाख चौरस किलोमीटर उरला. १९७९ पासूनच्या उपग्रह-नोंदींतील हा नीचांक होता. एखाद्या वर्षीच्या वाऱ्यांचा त्यात वाटा असतोच. परंतु समुद्र तापत असताना अशी वर्षे वारंवार येण्याचा धोका वाढतो.

अपुऱ्या दिवसांच्या अर्भकाची फुफ्फुसे बहुधा रोगट नसतात. ती केवळ तयार नसतात. या पिल्लांचेही तसेच. ना त्यांना रोग होता, ना आईबापांच्या संगोपनात उणीव. उणे पडले ते दिवस. अर्भकाला आपण काचपेटी आणि सर्फॅक्टंट देऊन ते दिवस मिळवून देतो. समुद्रावर काचपेटी मांडता येत नाही.

हॅली उपसागरातील मोठ्या वसाहतीची वीण २०१६ पासून सलग तीन वर्षे फसली, तेव्हा बरेच पक्षी शेजारच्या वसाहतीत गेले. पण सारा प्रदेशच वितळू लागला, तर त्यांनी जावे कोठे? येथे उपचार मुळावरच हवा: कोळसा आणि तेल जाळणे आपण किती लवकर आवरतो, यावरच त्या पिल्लांचे उरलेले दिवस अवलंबून आहेत.