मधली मुलगी घरीच राहिली
(काळोखातले पाहुणे : लेखांक 9)

या आठवड्यात नगरला जायचं ठरलं होतं. ‘फ्रँकन्स्टाइन’मधला राक्षस साकारणाऱ्या बोरिस कार्लॉफच्या आजोळचा धागा अहमदनगरच्या लष्करी छावणीपर्यंत कसा पोचतो, ते सांगण्याचा शब्द गेल्या लेखांकात दिला होता. तो आता पुढच्या आठवड्यावर. मध्ये कोलकात्याहून एक पत्र आलं आणि त्याला दोन ओळींत उत्तर देऊन भागणार नाही.

पत्र एका आजींचं आहे. हाजरा रोडवरच्या महाराष्ट्र निवासातले गणपती आणि तिथली नाटकं यांत त्यांचं आयुष्य गेलं. त्या लिहितात, ‘फ्रँकन्स्टाइन’मधल्या तळ्याकाठच्या मारियाचं कापलेलं दृश्य शोधून परत जोडलं, मेघगर्जनेखाली दाबलेलं वाक्य पुन्हा ऐकू आलं, हे वाचून बरं वाटलं. पण साहेबाच्या राक्षसाचे एवढे लाड होतात, तर आमच्या इथल्या भुतांचं काय? ‘मणिहारा’तला तो हात शाळेत असताना पाहिला, त्यानंतर कित्येक रात्री दिवा लावून झोपावं लागलं. तो हात तुमच्या ब्लू-रे चकत्यांवर मिळतो का?

मिळतो. पण कोलकात्याबाहेर पडायला त्याला फार वर्षं लागली.

रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, मे 1961 मध्ये, सत्यजित राय यांचा ‘तीन कन्या’ आला. रवींद्रनाथांच्या तीन कथा, तीन नायिका. ‘पोस्टमास्टर’मधली पोरकी रतन, ‘समाप्ती’तली झाडावर चढणारी मृण्मयी आणि या दोघींच्या मध्ये ‘मणिहारा’तली मणिमालिका. दागिन्यांत जीव अडकलेली ही श्रीमंताघरची बायको कनिका मजुमदारांनी केली, तर तिच्या नवऱ्याचं, फणिभूषणचं काम काली बॅनर्जींचं. याच चित्रपटापासून राय आपल्या चित्रपटांना स्वतः संगीत देऊ लागले आणि सौमेंदू राय यांनी स्वतंत्र छायालेखक म्हणून पहिल्यांदा कॅमेरा हाती घेतला.

चित्रपट परदेशी गेला तो ‘टू डॉटर्स’ या नावानं. दोनच मुली! मधली घरीच राहिली. पुढं व्हिडिओ कॅसेटचा जमाना आला, तेव्हा कॅसेटही त्याच दोन मुलींची निघाली. म्हणजे अमेरिकेत वा युरोपात रायांचा चाहता म्हणवणाऱ्या कित्येकांनी त्यांची ही अस्सल भूतकथा पाहिलेलीच नव्हती. तिन्ही कथा एकत्र असलेल्या आवृत्त्या बऱ्याच उशिरा घरोघरी पोचल्या.

एक तक्रार जुनी आहे. तिघींमध्ये ‘मणिहारा’ सगळ्यांत कच्ची, असं जाणकारही म्हणत आले आहेत. हे मत घासलेल्या प्रतीवरून बनलेलं असणं अगदी शक्य आहे. रतनचे डोळे कितीही फिकट प्रतीत पोचतात, कारण दृश्य दिवसाउजेडी घडतं. ‘मणिहारा’चं तसं नाही. सामानानं गच्च भरलेला वाडा, रात्रीचे दिवे, दिव्यापलीकडचा अंधार, त्यात मध्येच चमकून जाणारं सोनं, हीच तिची सगळी पुंजी. प्रतीवरून प्रत, तिच्यावरून कॅसेट असं होत गेलं की काळा रंग पहिला मरतो. अंधाराची राखाडी पेज होते आणि पेजेतून कुणी आलं तर दचकणार कोण?

शेवटचा प्रसंग घ्या. फणिभूषण बायकोसाठी नवा दागिना घेऊन परतला आहे, बायको घरात नाही. ती सगळं सोनं अंगावर घालून निघून गेली, त्यानंतर तिला कुणी पाहिलेलं नाही. रात्री खोलीच्या काळोखात एक आकृती उभी राहते. नवरा बोलतो, ती पुढं येते आणि दागिन्यांच्या पेटीवर झडप पडते. झडप घालणारा हात नुसत्या हाडांचा, बांगड्या मात्र जागच्या जागी. क्षणाचा खेळ आहे. चांगल्या प्रतीत आधी सोनं चमकतं आणि मग, अर्ध्या श्वासानं, त्या सोन्याच्या आत हाडं आहेत हे कळतं. हा अर्ध्या श्वासाचा उशीर म्हणजे भीती. वाईट प्रतीत दोन्ही एकदम दिसतं आणि ते शाळेच्या प्रयोगशाळेतल्या सांगाड्याइतकंच वाटतं.

आवाजाचंही तेच. मूळ कथेत मणी डोळ्यांना दिसण्याआधी कानांना येते. नदीच्या पायऱ्यांवरून दागिन्यांची किणकिण आणि हाडांची खटखट वर चढत येते. जुन्या ध्वनिपट्टीवर सतत एक खरखर असते. ती पुसायचं यंत्र बेताबाहेर चालवलं की खरखरीबरोबर वरच्या पट्टीतले बारीक नादही जातात आणि बांगडी नेमकी त्याच पट्टीत वाजते. म्हणून थोडी खरखर राहू देणारा तंत्रज्ञ आळशी नसतो. त्याला बांगडी ऐकायची असते.

आता आजींच्या प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग. या भुतांची काळजी घेतो कोण?

1992 साली ऑस्कर देणाऱ्या अकादमीनं रायांना जीवनगौरव दिला. समारंभात दाखवायला त्यांच्या चित्रपटांचे तुकडे हवे होते आणि धड प्रती मिळेनात. राय तेव्हा कोलकात्यातल्या रुग्णालयात होते. पुरस्कार त्यांनी तिथूनच, पलंगावरून स्वीकारला आणि 23 एप्रिलला ते गेले. मूळ निगेटिव्हं शोधायला माणसं निघाली ती त्यानंतर. कोलकात्याची हवा फिल्मची वैरीण आहे. नायट्रेटनंतर आलेली अ‍ॅसिटेटची फिल्म ‘सेफ्टी’ म्हणून ओळखली जाते, कारण ती भडकत नाही. पण दमट उकाड्यात ती आतून कुजते, आक्रसते, वाकडी होते आणि डबा उघडला की शिरक्याचा आंबूस भपकारा येतो. एकदा तो वास सुरू झाला की थांबवता येत नाही, फक्त थंडीत ठेवून लांबवता येतो.

काही निगेटिव्हं लंडनच्या हेंडरसन्स प्रयोगशाळेत होती. जुलै 1993 मध्ये तिथं आग लागली आणि रायांच्या अपू चित्रत्रयीची निगेटिव्हं होरपळली. काळी पडलेली, कडा वितळलेली ती रिळं कुणी फेकून दिली नाहीत, हे आपलं नशीब. दोन दशकांनी इटलीतल्या बोलोन्याच्या प्रयोगशाळेत ती पुन्हा मऊ केली गेली. हातांनी सुमारे हजार तास काम झालं. ‘पथेर पांचाली’चा 40 टक्के आणि ‘अपराजितो’चा 60 टक्क्यांहून अधिक भाग त्या जळक्या निगेटिव्हांवरूनच उभा राहिला. 2015 मध्ये आलेल्या चकत्या त्याच. भुताखेतांच्या लेखमालेत अपू कशाला, असं वाटेल. पण राखेतून उठून आलेल्या चित्रापेक्षा मोठं भूत कुठं शोधायचं?

आता या लेखकाचा लाडका विषय. आजींनी तो विचारलेला नाही, पण कोलकात्याच्या भुतांबद्दल लिहायचं आणि भुतांच्या राजाला वगळायचं, हे व्हायचं नाही.

‘गुपी गाइन बाघा बाइन’ 8 मे 1969 ला आला. मूळ गोष्ट रायांच्या आजोबांची, उपेंद्रकिशोर रायचौधुरींची. त्यांनीच काढलेल्या ‘संदेश’ या मुलांच्या मासिकात ती 1915 साली आली होती. गावानं हाकललेले एक बेसूर गवई आणि एक बेताल ढोलकवाला रानात भेटतात, भुतांचा राजा त्यांच्यावर खूश होतो आणि तीन वर देतो. राजाचा किनरा, नाकातला आवाज खुद्द रायांचा, वेग वाढवून केलेला. बंगालीत भूत नाकातूनच बोलतं, हे तिथलं पोरही जाणतं. आपला मुंजा पिंपळावर बसतो, तिथल्या ब्रह्मदैत्याला बेल आवडतो आणि मेछो भूत मासे पळवतं. प्रत्येक मुलखाची भुतं तिथल्या जेवणाची आणि झाडांची असतात.

वर मिळण्याआधी भुतं नाचतात, सुमारे साडेसहा मिनिटं. राजेरजवाडे, रयत, साहेब आणि ढेरपोटे असे चार जथे आहेत. सूर कुठलाच नाही, नुसता ताल, तोही दक्षिणेतल्या वाद्यांचा : मृदंगम, खंजिरा, घटम आणि मोरसिंग. रजवाड्यांचा नाच शास्त्रीय वळणाचा, साहेब कळसूत्री बाहुल्यांसारखे ताठ. मग जथ्याजथ्यांत भांडणं जुंपतात. मध्येच चित्र उलटं होतं, काळ्याचं पांढरं, पांढऱ्याचं काळं. आकृत्या थरथरतात, कडा विरघळतात.

उपेंद्रकिशोर हे हाफटोन ठशांचे जाणते होते. छायाचित्र बारीक-मोठ्या ठिपक्यांत फोडून छापायचं कसं, यावर त्यांनी विलायतेतल्या ‘पेनरोज’ वार्षिकात लेख लिहिले. आजोबांनी चित्र ठिपक्यांत मोडलं आणि नातवानं त्यांचीच गोष्ट घेऊन माणसं लुकलुकत्या उजेडात मोडली. भुतांचा नाच पाहताना हा वारसा डोळ्यांसमोर नाचतो.

नेमका हाच नाच दुरुस्तीवाल्याची परीक्षा घेतो. तासाभराच्या चित्रपटात 86,400 चौकटी असतात. त्यांतली धूळ एकेक करून टिपणं अशक्य, म्हणून आधी संगणक फिरवतात. संगणकाचा नियम साधा : जे ठिपके एकाच चौकटीत आहेत, आधीच्या-नंतरच्या चौकटीत नाहीत, ती धूळ. या नियमानं पावसाचे थेंब पुसले जातात, ठिणग्या पुसल्या जातात. मग भुतांची लुकलुक कशी वाचणार? तिथं यंत्र बंद करून माणसानंच बसावं लागतं, चौकट थांबवून बघावं लागतं की हा डाग प्रयोगशाळेतला की रायांचा. अकादमीच्या संग्रहालयानं 2003 मध्ये या चित्रपटाचं जतन केलं. शेवटी कृष्णधवल चित्रपटाला एकदम रंग फुटतात, ती जागा चांगल्या प्रतीत पाहिली की लहान मुलं अजूनही ओरडतात. रायांना सगळाच चित्रपट रंगीत हवा होता. तेवढा पैसा उभा राहिला नाही.

तर आजी, ‘मणिहारा’ पुन्हा पाहणार असाल तर आधी टीव्हीच्या मेन्यूत जा. ‘मोशन स्मूदिंग’ बंद करा, त्यानं सगळं मालिकेसारखं गुळगुळीत दिसतं. ‘नॉइज रिडक्शन’ बंद करा. ‘व्हिव्हिड’ काढून ‘सिनेमा’ किंवा ‘फिल्ममेकर’ लावा. चित्र जवळपास चौकोनी आहे, दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येतील, त्या येऊ द्या. ताणून पडदा भरलात तर मणिमालिका उगाच जाडी दिसेल. खोलीतले दिवे मालवा, पंखाही जरा हळू करा, म्हणजे बांगड्या ऐकू येतील. नंतर दिवा लावून झोपायचं की नाही, ते तुम्ही ठरवा.

पुढच्या आठवड्यात मात्र नक्की नगर. कार्लॉफच्या आजीची बहीण अ‍ॅना तिथं 1831 मध्ये जन्मली, पुण्यात तिचं लग्न झालं आणि पुढं ती सयामच्या राजवाड्यात मुलांना शिकवायला गेली.