सेगाँचा मोतिया पट्टा

एसीएल या गुडघ्यातल्या लिगामेंटची शस्त्रक्रिया उत्तम झाली, चालताना-पळताना त्रास नाही, तरी कबड्डीच्या मैदानात झटकन वळताच गुडघा पुन्हा सटकला. असं का होतं, असा प्रश्न खेळाडूंचे पालक नेहमी विचारतात. उत्तरासाठी १८७९च्या पॅरिसमध्ये जावं लागतं.

पॉल सेगाँ हा शल्यविशारद तेव्हा शवांचे गुडघे जोर लावून पिळून पाहत होता. नडगी आतल्या बाजूला पिळली की तिच्या बाहेरच्या कडेची एक बारीक कपची उपटून निघे. तिथेच मोत्यासारखा चमकणारा एक चिवट पट्टा त्याला दिसला आणि त्याने तो नोंदवून ठेवला. क्ष-किरणांचा शोध लागायला अजून सोळा वर्षं होती! आज एक्स-रेवर ती कपची दिसली, तर एमआरआयआधीच डॉक्टरांना एसीएल तुटल्याची दाट शंका येते.

२०१३मध्ये बेल्जियमच्या स्टीव्हन क्लास आणि योहान बेलेमान्स यांनी ४१ गुडघे उकलले आणि त्यांतल्या ४० गुडघ्यांत हा पट्टा दाखवला. लगेच ‘नवं लिगामेंट सापडलं’ अशा बातम्या झळकल्या. त्या दोघांनी आपल्या निबंधाची सुरुवातच सेगाँच्या नावाने केली होती. मथळ्यांनी मात्र त्याला गाळलं, हे मला फार खटकतं.

हा पट्टा गुडघ्याच्या बाहेरच्या कडेला असतो, त्या जागेचं महत्त्व जात्यावर कळतं. फिरणारी तळी मधल्या आसाजवळ दाबून थांबवायची तर घाम फुटतो. कडेचा खुंटा धरला की ती सहज थांबते. एसीएल गुडघ्याच्या मधोमध असतं. नडगीला पुढे सरकू न देण्यात ते भक्कम, पण तिचं आतल्या बाजूला वळणं रोखायला कडेचा आधार फार उपयोगी पडतो. मार्सेल लमेर या फ्रेंच सर्जनने १९६७मध्ये मांडीच्या बाहेरच्या पट्ट्याची एक चिंधी काढून तो आधार बांधला. पुढे दुर्बिणीची शस्त्रक्रिया आली, सगळ्यांचं लक्ष सांध्याच्या आत गेलं आणि ही युक्ती मागे पडली.

२०२०मध्ये कॅनडा आणि युरोपातल्या ६१८ तरुण रुग्णांवरच्या चाचणीचे निष्कर्ष आले. सगळ्यांचं एसीएल हॅमस्ट्रिंगच्या कंडरांपासून नव्याने बनवलं होतं. नुसतं तेवढंच केलेल्यांपैकी ११ टक्क्यांचं दोन वर्षांत पुन्हा तुटलं. लमेरच्या धर्तीची जोड दिलेल्यांपैकी ४ टक्क्यांचं. सुरुवातीच्या महिन्यांत या दुसऱ्या गटाला वेदना मात्र जास्त होत्या.

चाचणीतले रुग्ण १४ ते २५ वयाचे होते आणि त्यांच्या गुडघ्यांना पुन्हा इजेचा धोका मोठा होता. विशीतल्या कबड्डीपटूने शस्त्रक्रियेआधी या जोडीबद्दल सर्जनला जरूर विचारावं. पन्नाशीत सकाळी फिरायला जाणाऱ्यांना हे आकडे लागू नाहीत.