महावीरांच्या नावाचे वन : वेळापूरहून सह्याद्रीत चौदा दिवस

गोव्याच्या पूर्व सीमेवर, अनमोड घाटाच्या पायथ्याशी, मोले नावाचे गाव आहे. त्या परिसरातील २४० चौरस किलोमीटरच्या अरण्याचे अधिकृत नाव भगवान महावीर अभयारण्य असे आहे. त्यातील १०७ चौरस किलोमीटरचा गाभा १९७८ साली मोले राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झाला. बेळगावहून पणजीकडे जाणारी वाहने रोज या वनातून धावतात. त्यांत जैन कुटुंबांच्या गाड्याही असतात. पण अहिंसेचा उपदेश करणाऱ्या तीर्थंकरांचे नाव धारण केलेले हे वन थांबून पाहणारे थोडेच.

माळशिरस तालुक्यातील वेळापूर हे अर्धनारी नटेश्वराच्या प्राचीन मंदिराचे आणि आषाढी वारीत ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीच्या मुक्कामाचे गाव. वेळापूर, अकलूज, नातेपुते या पट्ट्यातील जैन व्यापारी कुटुंबांचा प्रवास बहुधा तीर्थांना धरूनच होतो. दहिगाव आणि कुंथलगिरी जवळची. श्रवणबेळगोळ आणि सम्मेदशिखर लांबची. घरातील तरुणांना मात्र डोंगर, जंगल आणि पायवाटा खुणावतात. ‘जंगलात आपले खाण्यापिण्याचे कसे व्हायचे?’ या एका प्रश्नापाशी बहुतेक घरांतील बोलणे थांबते. प्रश्न योग्यच आहे. परंतु त्याचे उत्तर बेत रद्द करण्यात नसून तो नीट आखण्यात आहे. सह्याद्रीत महाराष्ट्र, गोवा आणि कर्नाटक मिळून चार पर्वतीय राष्ट्रीय उद्याने एका रेषेत गुंफता येतात, आणि त्यांच्या मधल्या टप्प्यांवर जैन तीर्थे उभी आहेत. व्रताचे नियम हेच या प्रवासाचे वेळापत्रक ठरू शकतात.

सह्याद्रीच का?

हिमालयातील उद्याने भव्य आहेत. पण तेथील प्रसिद्ध फुलांची दरी जुलै-ऑगस्टमध्ये, म्हणजे ऐन चातुर्मासात बहरते. शिवाय जाण्यायेण्यातच चार-पाच दिवस खर्ची पडतात. सह्याद्री घरापासून गाडीने गाठता येतो. दुसरे कारण अधिक जवळचे आहे. वेळापूरच्या शिवारातील ऊस नीरेच्या उजव्या कालव्यावर पोसला जातो. नीरा उगम पावते ती सह्याद्रीच्या माथ्यावर. उसाचे पैसे शेतकऱ्याच्या हाती आले की कापड, किराणा, भांडी आणि सराफी या साऱ्या पेठा हलतात. नीरा भीमेला व भीमा कृष्णेला मिळते. चांदोलीची वारणा आणि कुद्रेमुखच्या डोंगरांत उगवणाऱ्या तुंगा व भद्रा यांचे पाणीही शेवटी कृष्णेतच जाते. दुकानाच्या गल्ल्याचा एक झरा या वनांत आहे, हे मुलांनी प्रत्यक्ष पाहण्यासारखे आहे.

केव्हा निघावे

चातुर्मास व कार्तिकी अष्टाह्निका आटोपून पौर्णिमा उलटली की योग्य काळ सुरू होतो. पावसाळ्यात चांदोलीसारखी उद्याने बंद असतात, वाटा निसरड्या असतात आणि पावलोपावली सूक्ष्म जीवांची उत्पत्ती असते. उन्हाळ्यात झरे आटतात आणि वणव्याच्या भीतीने पायवाटा बंद होऊ शकतात. म्हणून नोव्हेंबरअखेर ते जानेवारी हाच काळ उत्तम. व्यापाऱ्याला यात आणखी एक हिशेब पाहावा लागतो. दरमहा विवरण भरणाऱ्याने २० तारखेचे जीएसटीचे काम उरकून २१ ला प्रस्थान ठेवले, तर पुढील महिन्याच्या ११ तारखेपर्यंत मोकळीक मिळते. नाताळच्या सुट्टीत मुलांना सवड असते. मात्र त्या दिवसांत गोवा व दांडेली येथे गर्दी उसळते, तेव्हा खोल्या फार आधी राखून ठेवाव्या लागतात.

चौदा दिवसांचा मार्ग

पहिल्या दिवशी वेळापूर, सांगोला, मिरज या मार्गाने कुंभोजजवळील बाहुबली गाठावे. २८ फुटी बाहुबलींचे दर्शन आणि तेथील सात्त्विक भोजन, ही प्रवासाची शांत सुरुवात. दुसऱ्या दिवशी शिराळामार्गे वारणावती. तिसऱ्या दिवशी सकाळी चांदोली राष्ट्रीय उद्यान पाहावे. सुमारे ३१७ चौरस किलोमीटरचे हे वन २००४ साली राष्ट्रीय उद्यान झाले, आणि २०१० पासून ते सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. वसंतसागर जलाशय, झोळंबीचा सडा आणि गव्यांचे कळप ही त्याची ओळख. रात्री कोल्हापूर.

चौथा दिवस बेळगावचा. तेथील किल्ल्यात १२०४ साली उभारलेली कमल बसदी आहे. तिच्या छतातील दगडी कमळ पाहण्यासाठी सवड ठेवावी. पाचव्या दिवशी अनमोड घाट उतरून मोले. सहाव्या दिवशी भगवान महावीर अभयारण्यातील तांबडी सुर्ल येथील कदंबकालीन मंदिर आणि कुळे येथून जीपने दूधसागर. हा धबधबा सुमारे ३१० मीटर उंचीवरून कोसळतो.

सातव्या दिवशी पुन्हा घाट चढून रामनगर, गणेशगुडी व जोयडा या मार्गाने अणशी. हे उद्यान १९८७ चे. आज ते काळी व्याघ्र प्रकल्पात मोडते. धनेश पक्षी आणि क्वचित दिसणारा काळा बिबट्या यांसाठी ते ओळखले जाते. आठवा दिवस तेथेच काढावा. नववा दिवस सर्वांत लांब पल्ल्याचा : कारवारहून किनाऱ्याने कारकळ. दहाव्या दिवशी कारकळ येथील १४३२ मध्ये प्रतिष्ठापित ४२ फुटी गोमटेश्वर, आणि मूडबिद्रीची सहस्रस्तंभ बसदी. षट्खंडागमाच्या धवला टीकेच्या ताडपत्री प्रती शतकानुशतके जपल्या गेल्या त्या मूडबिद्रीतच. त्या ग्रंथाच्या सुधारित आवृत्त्या पुढे सोलापूरच्या जैन संस्कृती संरक्षक संघाने काढल्या, हा धागा सोलापूर जिल्ह्यातील वाचकाला अभिमानाचा वाटेल.

अकरावा व बारावा दिवस कुद्रेमुख राष्ट्रीय उद्यानाला द्यावा आणि मुक्काम कळसा परिसरात करावा. तेराव्या दिवशी शिवमोग्गामार्गे हुबळी. चौदाव्या दिवशी विजापूर, मंगळवेढा, पंढरपूर करीत संध्याकाळी घर.

शिधा आणि पाणी

ज्या घरी मर्यादा पाळली जाते तेथे हिवाळ्यात पिठाची मुदत सात दिवस मानतात. चौदा दिवसांचे पीठ एकदम नेणे म्हणूनच बसत नाही. धान्य सोबत न्यावे आणि बेळगाव व कारकळ येथे गरजेपुरते दळून घ्यावे. मूग, तांदूळ, गूळ, शेंगदाणे, खाखरे आणि भाजके पोहे हा कोरडा शिधा टिकतो. शेंगदाण्याची चटणी सोलापूरची असली तरी घरी, लसूण वगळून कुटलेली असावी. सांगली-कोल्हापूरच्या भडंगातही लसूण असतो, हे विकत घेताना ध्यानी ठेवावे. उद्यानाच्या हद्दीत चूल वा शेगडी पेटवता येत नाही. स्वयंपाक मुक्कामीच उरकावा लागतो.

गाळलेल्या पाण्याची मर्यादा दोन घडी, तर उकळलेल्या पाण्याची आठ प्रहर. म्हणून पहाटे मुक्कामी पाणी उकळून स्टीलच्या बाटल्यांत भरून घेतले, तर दिवसाची चिंता मिटते आणि प्लास्टिकच्या बाटल्याही जंगलात जात नाहीत. वाटेत झऱ्याचे पाणी दुहेरी वस्त्राने गाळले, तर त्याची जिवाणी त्याच झऱ्यात हळुवार सोडावी. एका ओढ्यातील जीव दुसऱ्या ओढ्यात टाकू नये, हा जुना नियम आजच्या जीवशास्त्रज्ञालाही मान्य होईल.

डिसेंबरात सूर्य सहाच्या आसपास मावळतो, आणि संध्याकाळच्या सफारी नेमक्या त्याच सुमारास परततात. रात्रिभोजन त्यागणाऱ्या कुटुंबाने सकाळचीच सफारी घ्यावी. पाचच्या सुमारास जेवण आणि लवकर निद्रा असा क्रम ठेवला की पहाटेचा गारवा व पक्ष्यांचा पहिला आवाज आपसूक पदरात पडतो. वन्यजीव पाहण्याचा उत्तम काळ तोच.

न देण्यातील दया

जैन घरांत मुक्या जीवांना दाणापाणी घालणे हा संस्कार आहे. राष्ट्रीय उद्यानात मात्र दयेचे रूप निराळे होते. घाटातील माकडाला केळे वा बिस्किट दिले की ते रस्त्याची वाट धरते, जंगलातले अन्न शोधणे विसरते आणि एखाद्या दिवशी गाडीखाली येते. कायद्याने तेथे प्राण्यांना खाऊ घालण्यास मनाई आहे. पण कायदा नसता तरी अहिंसेचा अर्थ तोच निघाला असता. तेथे न देणे हेच अभयदान.

ओलसर वाटेवर जळू पायाला लागते, तेव्हा तिच्यावर मीठ वा तंबाखू टाकण्याची रीत आहे. त्याने ती मरते. घट्ट विणीचे लांब मोजे घातले तर ती लागतच नाही; लागलीच, तर नखाने वा कागदी पत्त्याने अलगद सरकवावी. मुनींच्या ईर्यासमितीत चार हात भूमी पाहून पाऊल टाकायचे असते. जंगलातील वाटाड्याही पाहुण्यांना तेच शिकवतो, कारण पानांखाली साप असू शकतो.

कुद्रेमुखची खाण

या प्रवासातील सर्वांत विचार करायला लावणारे ठिकाण कुद्रेमुख आहे. सुमारे ६०० चौरस किलोमीटरच्या या उद्यानात गवताळ माथे आणि त्यांच्या घळींत दाटलेली शोलावने आहेत. येथे सिंहशेपटी वानर आढळते. याच डोंगरात अनेक वर्षे लोहखनिजाची मोठी खाण चालली. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ च्या आदेशानंतर २००५ अखेर ती बंद झाली. २०१२ मध्ये चांदोलीसह हे वनही पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात समाविष्ट झाले. उजाड झालेली खाणवसाहत आजही दिसते.

श्रावकाने टाळावयाच्या पंधरा कर्मादानांत अंगारकर्म, वनकर्म व स्फोटकर्म यांचा समावेश आहे. वने तोडून वा भूमी फोडून होणारा व्यापार आचार्यांनी शतकांपूर्वी व्यापाऱ्यांनाच उद्देशून वर्ज्य ठरवला. पाठशाळेत पाठ केलेली ही नावे कुद्रेमुखच्या उतारावर डोळ्यांना दिसतात. व्यापारी घरातील मुलाला याहून मोठा धडा कोणती शाळा देणार?

ज्येष्ठ आणि दुकान

कुद्रेमुख शिखराची उंची सुमारे १८९० मीटर असून पायवाट जाऊन-येऊन सुमारे २० किलोमीटरची आहे. वनखात्याची परवानगी आधी घ्यावी लागते, दिवसाची संख्या मर्यादित असते आणि उद्यानात तंबू ठोकता येत नाही. गुडघ्यांचा त्रास असलेल्या ज्येष्ठांनी ते दोन दिवस मूडबिद्री-कारकळ येथे दर्शन-स्वाध्यायात घालवावेत आणि पुढे शिवमोग्ग्यात सर्वांना येऊन मिळावे. त्यासाठी वेगळ्या गाडीची तजवीज आधीच करावी.

एकत्र कुटुंबात सर्व भाऊ एकाच वेळी दुकान सोडू शकत नाहीत. एका वर्षी थोरल्याचे कुटुंब, पुढच्या वर्षी धाकट्याचे, असा क्रम घरात आधीच ठरलेला बरा. नाहीतर आनंदाच्या प्रवासाचा रुसवा वर्षभर पुरतो. अणशी व कुद्रेमुख भागांत अनेक ठिकाणी मोबाइलला सिग्नल नसतो. मोठी देणी निघण्यापूर्वी चुकती करावीत, बँकेचे अधिकार मागे राहणाऱ्याकडे द्यावेत आणि खिशात सुट्टी रोकड ठेवावी.

निघण्याच्या आदल्या दिवशी घरातील सर्वांनी मिळून मार्ग कागदावर लिहावा आणि त्यापलीकडे न जाण्याचा नियम घ्यावा. श्रावकाच्या देशव्रताचे हेच स्वरूप आहे. अशा नियमामुळे ‘आणखी एक ठिकाण’ हा मोह सुटतो, चालकाला विश्रांती मिळते आणि वाघ दिसला नाही तरी कुणी हळहळत नाही. दिसेल ते पाहावे, न दिसेल ते त्याच्या वनात सुखाने राहू द्यावे.