किरण : मुलाचे नाव, मुलीचेही

किरण हे मुलगा आणि मुलगी दोघांनाही ठेवले जाणारे नाव आहे. मराठीत विजय-विजया, उज्ज्वल-उज्ज्वला, नलिन-नलिनी अशा जोड्यांत शेवटच्या स्वरावरून फरक कळतो. किरण, सुहास, कांचन, शीतल ही नावे मात्र अकारान्त असूनही दोन्हीकडे चालतात. कादंबरीकार सुहास शिरवळकर आणि अभिनेत्री सुहास जोशी, दिग्दर्शक कांचन नायक आणि दिग्दर्शिका कांचन अधिकारी ही त्याची ठळक उदाहरणे.

किरण हा शब्द संस्कृतात पुल्लिंगी आहे. मराठीतही ‘आशेचा किरण’ म्हणतात. हिंदीत मात्र ‘आशा की किरण’, म्हणजे स्त्रीलिंगी. त्यामुळे या नावाला दोन्ही बाजूंनी आधार मिळतो. ‘सात सक्कं त्रेचाळीस’चे लेखक किरण नगरकर आणि यष्टिरक्षक किरण मोरे हे पुरुष, तर 1972 साली भारतीय पोलीस सेवेत आलेल्या किरण बेदी या स्त्री. हे दोन्ही आधार खान्देशात एकत्र भेटतात. जळगाव-धुळ्याचा हा परिसर मध्य प्रदेश आणि गुजरातला लागून आहे. इथे मराठी व अहिराणीसोबत हिंदी, गुजराती, मारवाडीही कानावर पडते.

बोलताना सहसा गोंधळ होत नाही, कारण क्रियापद उलगडा करते. ‘किरण आला’, ‘किरण आली’. अहिराणीत ‘किरण उना’, ‘किरण उनी’. भविष्यकाळात मात्र ही खूण पुसली जाते : ‘किरण उद्या येईल’ एवढ्यावरून येणारा भाऊ की बहीण हे कळत नाही. तिथे हाक मारण्याची रीत उपयोगी पडते. किरणभाऊ, किरणदादा म्हटले की पुरुष. किरणताई, किरणबाई म्हटले की स्त्री.

खरी अडचण कागदावर येते. शाळेच्या हजेरीपटावर किंवा मतदार यादीत आडनाव आधी लिहिले जाते. ‘पाटील किरण भास्कर’ अशी नोंद घ्या. खान्देशात पाटील आडनाव जागोजागी आढळते, तेव्हा त्यावरून काही ठरत नाही. मधले नावही मदत करत नाही : ते मुलाच्या आणि अविवाहित मुलीच्या बाबतीत वडिलांचे असते, तर विवाहितेच्या बाबतीत बहुधा पतीचे. म्हणजे ही व्यक्ती भास्कररावांचा मुलगा, मुलगी किंवा पत्नी यांपैकी कोणीही असू शकते. म्हणून लिंगाचा वेगळा रकाना आणि नावाआधीचे श्री., श्रीमती, कुमारी गरजेचे ठरतात. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात महाराष्ट्र शासनाने आईचे नावही बंधनकारक केले. त्याने माणसाची ओळख नेमकी होते. किरण मुलगा की मुलगी, हे मात्र त्यातूनही कळत नाही.

कोरियातही आडनाव आधी येते आणि दोघांना चालणारी नावे तिथे पुष्कळ आहेत. जिमिन हे बीटीएस या कोरियन संगीत गटातल्या गायकाचे नाव आहे, तसेच एओए या गटात पूर्वी असलेल्या गायिकेचेही. अशा नावाचा उच्चार एकच असला, तरी ते कोणत्या चिनी अक्षरांनी लिहिले जाते त्यावर अर्थ ठरतो, आणि ती अक्षरे पालक निवडतात. कोरियन क्रियापद लिंगानुसार बदलत नाही, त्यामुळे वाक्यातूनही उलगडा होत नाही. मराठीत किरणचा अर्थ सर्वांसाठी एकच राहतो, आणि लिंग बहुतेकदा क्रियापद सांगते.