उघड्या धाग्याचे राखणदार

ऊन तापले की माणूस सावली शोधतो, बकरी झाडाखाली जाऊन बसते. झाड मात्र जिथे उगवले तिथेच उभे राहते. ऊन टाळणे त्याला परवडणारेही नाही, कारण त्याचे अन्नच उन्हाच्या शक्तीवर तयार होते. पण त्याच उन्हातले अतिनील किरण पेशींमधल्या डीएनएला इजा करतात. तरीही आंब्याचे झाड पिढ्यान्‌पिढ्या मोहरत राहते आणि भाताला दरवर्षी दाणा भरतो. डीएनएची ही हिफाजत करणाऱ्या कारागिरांपैकी एका गटाची ओळख आज वाचकांना करून द्यावी, असे आम्हाला वाटते.

डीएनए म्हणजे एकमेकांभोवती पिळलेले दोन धागे, एवढे शाळेत सर्वजण शिकतात. पेशीचे विभाजन होण्याआधी त्याची पूर्ण नक्कल तयार व्हावी लागते. त्यासाठी एक विकर हे दोन धागे चेन उघडावी तसे वेगळे करते. मग प्रत्येक धाग्यासमोर नवा जोडीदार विणला जातो. अडचण असते ती मधल्या वेळेत. एकटा पडलेला धागा लोकरीच्या सुटलेल्या धाग्यासारखा स्वतःतच गुंततो. शिवाय पेशीतली काही विकरे त्याला कापूनही टाकू शकतात. म्हणून धागा उघडा पडताच काही प्रथिने येऊन त्याला चिकटतात. ती त्याला सरळ धरून ठेवतात, आणि विणकाम पुढे आले की बाजूला होतात. यांना एकेरी डीएनएला बांधणारी प्रथिने म्हणतात. डीएनएची दुरुस्ती चालू असतानाही धागा असाच उघडा पडतो, आणि तिथेही हीच प्रथिने लागतात.

अशा प्रथिनाचे काम प्रथम नीट उलगडले ते एका विषाणूत. जीवाणूंवर हल्ला करणाऱ्या टी-४ विषाणूच्या ३२ क्रमांकाच्या जनुकापासून तयार होणारे हे प्रथिन. ब्रूस आल्बर्ट्‌स या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९७० साली त्याच्याविषयी लिहिले. पुढे माणसापासून वनस्पतींपर्यंत सर्वांच्या पेशीकेंद्रात हेच काम करणारे तीन भागांचे प्रथिन सापडले. त्याला आरपीए म्हणतात.

इथे वनस्पतींची एक खासियत दिसते. आरपीएच्या सर्वांत मोठ्या भागाचे जनुक माणसात एकच आहे. भातात अशी तीन जनुके आहेत. अरॅबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातल्या छोट्या रोपात तर पाच आहेत. एकाच कामाला इतके जण कशाला? तर त्यांनी काम वाटून घेतले आहे. अरॅबिडॉप्सिसमध्ये दोघांचा भर नकलेवर असतो आणि दोघांचा दुरुस्तीवर. पाचव्याचे मुख्य काम फुलात, परागकण आणि बीजांड घडवणाऱ्या विशेष विभाजनाच्या वेळी असते.

ही वाटणी बिघडली तर काय होते, हे भातावरच्या २००९ सालच्या एका संशोधनात दिसले. तीनपैकी एक जनुक निकामी झालेली रोपे वाढीच्या काळात अगदी इतर रोपांसारखीच दिसत होती. पात हिरवी, उंची ठीक. पण फुलोऱ्याच्या वेळी त्यांची गुणसूत्रे तुटली आणि रोपे पूर्ण वांझ निघाली. दाणा धरलाच नाही. डीएनएला इजा करणारी द्रव्ये आणि अतिनील किरण यांच्यापुढेही ही रोपे लवकर हरली. ज्या घरचे वर्ष भाताच्या दाण्यावर चालते, त्या घराला याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

वनस्पतीच्या पेशीत डीएनए फक्त केंद्रात नसतो. हरितलवकात आणि तंतुकणिकेतही त्याचा छोटा साठा असतो, आणि तिथले राखणदार निराळे असतात. त्यांपैकी ‘व्हर्ली’ हे घराणे प्रथम बटाट्यात सापडले. या प्रथिनाचे चार तुकडे एकत्र येऊन मुलांच्या भिरभिऱ्यासारखा आकार होतो, म्हणून हे नाव. अरॅबिडॉप्सिसच्या हरितलवकातली अशी दोन्ही प्रथिने काढून टाकली तेव्हा तिथल्या डीएनएचे तुकडे चुकीच्या जागी जोडले जाऊ लागले. काही रोपांच्या पानांवर पांढरे-पिवळे पट्टे उमटले.

आरपीएचे आणखी एक काम म्हणजे हाक देणे. उघड्या धाग्यावर ते जास्त लांबवर पसरलेले दिसले, की पेशीला धोक्याची सूचना मिळते आणि दुरुस्ती होईपर्यंत विभाजन थांबते. पण हा साठा अमर्याद नसतो. माणसाच्या पेशींवरच्या २०१३ सालच्या प्रयोगात असे आढळले, की आरपीए संपले तर नक्कल चालू असलेल्या अनेक जागी डीएनए एकदमच तुटतो.

प्राण्यांमध्ये पुढच्या पिढीसाठीच्या पेशी बहुधा गर्भातच वेगळ्या होतात. झाडात मात्र ज्या शेंड्यातून पाने फुटतात त्याच शेंड्यातून पुढे फूल येते. त्यामुळे उन्हापावसात वाढताना शेंड्यात राहून गेलेली चूक बियाण्यापर्यंत पोचू शकते. बियाणे ही पुढच्या हंगामाची अमानत आहे. ती सांभाळण्याचे काम फुलोरा येण्याच्या कितीतरी आधी शेंड्यात सुरू झालेले असते.

घरी मुलांना हे दाखवायचे असेल तर कांद्याचा बूड पाण्याला टेकेल असा तो पेल्यावर ठेवावा. दोन-चार दिवसांत पांढरी मुळे फुटतात. त्यांच्या टोकाशी पेशी सतत विभागत असतात. शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली रंगवलेले टोक पाहिले, तर एकमेकांपासून दूर सरकणारी गुणसूत्रे दिसतात. आरपीए त्यात दिसणार नाही, ते फार लहान आहे. पण त्या गुणसूत्रांची नक्कल होत असताना उघडा धागा त्यानेच सांभाळलेला असतो, हे मुलांना आवर्जून सांगावे.