पाळीव पोपटाचा समतोल आहार : नाशिक परिसरातील अन्नघटकांच्या संदर्भात

प्रस्तावना :

मराठी घरातील पोपटाचे खाणे परंपरेने ठरून गेलेले आहे. हिरवी मिरची, पेरू, भिजवलेली हरभऱ्याची डाळ आणि दुधात कुस्करलेली पोळी. यातील काय शास्त्राच्या कसोटीवर टिकते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. तत्पूर्वी एक कायदेशीर बाब स्पष्ट करणे आवश्यक ठरते. गळ्याभोवती गुलाबी कंठ असलेला आपला हिरवा पोपट हा वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षित असून २०२२ च्या दुरुस्तीने त्याचा समावेश अनुसूची दोनमध्ये झाला आहे. तो पिंजऱ्यात ठेवणे हा गुन्हा आहे आणि उत्तम आहार दिल्याने तो गुन्हा सौम्य होत नाही. परिणामी ‘पाळीव पोपट’ या संज्ञेत आज प्रामुख्याने बजरीगर, कॉकाटील, लव्हबर्ड असे परदेशी वंशाचे, पिंजऱ्यातच पैदास झालेले पक्षी येतात. (बाजारात सरसकट ‘लव्हबर्ड’ म्हणून विकले जाणारे पक्षी बहुधा बजरीगरच असतात.)

आहारातील मूळ दोष :

या पक्ष्यांच्या कुपोषणाचे कारण सहसा उपासमार नसते, तर आवडनिवड असते. वाटीत अनेक प्रकारचे धान्य घातले तरी पक्षी प्रथम सूर्यफुलाचे बी व शेंगदाणा वेचतो आणि उरलेले विखरून टाकतो. समतोल वाटीत राहतो, पोटात जात नाही. सूर्यफुलाच्या बियांत जवळजवळ निम्मा भाग स्निग्धांश असतो, फॉस्फरसचे प्रमाण कॅल्शियमच्या सुमारे आठपट असते आणि ‘अ’ जीवनसत्त्व नगण्य असते. त्यामुळे यकृतात चरबी साठते आणि मादीमध्ये अंडे अडकण्याचा धोका वाढतो. ‘अ’ जीवनसत्त्वाच्या अभावी तोंडाचे व श्वसनमार्गाचे अस्तर जाड होऊन पांढरे चट्टे पडतात, नाकातून स्राव येतो. घरातील मंडळी त्यास सर्दी समजतात आणि खरा उपचार लांबतो.

परंपरेतील मिरची मात्र येथे निर्दोष ठरते. पक्ष्यांच्या चेतातंतूंतील संबंधित ग्राहीवर मिरचीतील कॅप्सेसिनचा परिणाम होत नाही, हे २००२ मधील संशोधनाने दाखवून दिले. म्हणजे पोपटाला मिरची तिखट लागतच नाही, आणि पिकलेली लाल मिरची तर कॅरोटीनने समृद्ध असते. पेरूही योग्यच. दूध-पोळीचे समर्थन करता येत नाही, कारण पक्ष्यांना दुधातील शर्करा पचत नाही आणि पोळीने केवळ पोट भरते.

स्थानिक पर्याय :

नाशिक जिल्ह्याच्या पश्चिमेकडील पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी या तालुक्यांत पिकणारी नागली या दृष्टीने मोलाची आहे. तिच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. कॅल्शियम फॉस्फरसपेक्षा अधिक असलेले असे धान्य विरळाच. मोड आणल्यास त्यातील कॅल्शियम अधिक सुलभतेने शोषले जाते, परंतु मोड स्वच्छ धुतलेले व ताजे असावेत. बुरशीचा वास येताच फेकून द्यावेत. बजरीगरासारख्या गवताच्या बियांवर जगणाऱ्या पक्ष्यांना राळा व वरई मानवते. शेवग्याचा पाला, मेथी, गाजर, लाल भोपळा रोज थोडा द्यावा. पक्षिवैद्यक तयार गोळीखाद्याचीही शिफारस करतात, मात्र ते एकमेव अन्न असू नये.

द्राक्षांबाबत नाशिककरांनी विशेष दक्ष राहावे. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट या वाढनियंत्रकाच्या अंशामुळे भारतीय द्राक्षे युरोपात नाकारली गेली होती. माणसासाठी जेथे इतकी काटेकोर मर्यादा पाळली जाते, तेथे ३०-४० ग्रॅम वजनाच्या जिवाला न धुतलेला घड देणे अविचाराचे होय. एखादा मणी, तोही नीट धुऊन, पुरेसा आहे. अ‍ॅव्होकॅडो, चॉकलेट, चहा, कांदा व खारवलेले शेंगदाणे पूर्णतः वर्ज्य समजावेत.

आहारात बदल करताना घाई नको. बियांवर वाढलेला पक्षी अनोळखी पदार्थास अन्न म्हणून ओळखतच नाही आणि भरल्या वाटीशेजारी उपाशी राहू शकतो. यास्तव जुने धान्य काही आठवड्यांत क्रमाने कमी करावे व या काळात पक्ष्याचे वजन रोज सकाळी ग्रॅमच्या काट्यावर करावे. बजरीगराचे वजन तीन-चार ग्रॅमने घटणे म्हणजे शरीराचा दहावा हिस्सा गमावणे होय. तसे आढळल्यास पूर्वीचे धान्य त्वरित सुरू करून पशुवैद्यकाचा सल्ला घ्यावा.